पात्रांच्या नावांचे माहेर

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म खान्देशातील सांगवीचा, आणि १९६३ साली आलेल्या ‘कोसला’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या नायकाचे नाव पांडुरंग सांगवीकर. आमच्या भागात ‘कर’ लागलेली आडनावे मुळात थोडी. येथे गावेच्या गावे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, बोरसे, कोळी अशा आडनावांनी भरलेली असतात आणि आडनाव ऐकून माणसाचे गाव सांगता येईल अशी सोय सहसा नसते. अशा प्रदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला लेखकाने आडनाव म्हणून गावच देऊन टाकले. त्यामुळे तो जेथे जेथे आपले नाव सांगेल तेथे तेथे सांगवी त्याच्याबरोबर उभी राहते, आणि तो कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नाव सांगत असल्याने वाचकाची त्या गावाशी गाठ तेथेच पडते.

मी कथा लिहिते, आणि कथानकापेक्षा, संवादापेक्षा, शेवटापेक्षाही माझा वेळ जर कशावर जात असेल तर तो पात्राच्या नावावर जातो. नावे कशी सुचतात, असे मला अनेकदा विचारले जाते. त्यावर विचार करता करता माझे एक मत पक्के होत गेले आहे. खऱ्या आयुष्यात कोणाचेही नाव सुचलेले नसते, ते कोणीतरी ठेवलेले असते. आजीने, आत्याने, भटजींनी, शाळामास्तरांनी, सासरच्यांनी किंवा पारावर बसणाऱ्या टवाळ मंडळींनी ते ठेवलेले असते, आणि ठेवणाऱ्याच्या मनात त्या वेळी काही भीती, काही नवस, काही हौस किंवा काही राग असतो. म्हणून लेखकाने नाव शोधण्याऐवजी ते ठेवणारा माणूस शोधला पाहिजे. तो सापडला की नाव आपोआप सापडते, आणि बहुतेक वेळा ते लेखकाला आवडणाऱ्या नावांपैकी नसते.

खान्देशात नाव ठेवणाऱ्यांमध्ये सर्वांत जुने अधिकारी म्हणजे संत आणि दैवते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तेथे चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे, आणि जवळच मुक्ताईचे स्थान असलेले मुक्ताईनगर आहे, ज्याला पूर्वी एदलाबाद म्हणत. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले आणि त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या, ही कथा महाराष्ट्रभर माहीत आहे, परंतु आमच्याकडे ती शेजारच्या गावात घडलेल्या गोष्टीसारखी सांगितली जाते. त्यामुळे नेमाड्यांनी ‘बिढार’पासून पुढच्या कादंबऱ्यांतून चालणाऱ्या आपल्या नायकाला चांगदेव पाटील हे नाव दिले, तेव्हा त्यांना ते कोठून आणावे लागले असेल असे मला वाटत नाही. त्या परिसरातल्या कोणत्याही बापाने मुलाला ते नाव ठेवले असते. तरीही पुष्कळ शिकलेल्या, पुष्कळ भटकलेल्या आणि तरीही आत काही उमटत नाही म्हणून अस्वस्थ असलेल्या त्या प्राध्यापकाच्या नावामागे ते कोरे पत्र दिसत राहते. बापाने ठेवलेले नाव आणि लेखकाला हवा असलेला अर्थ एकाच जागी येण्याचा हा योग फार दुर्मीळ असतो.

बहिणाबाई चौधरींचे घर याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. भाऊ घमा, गना आणि घना, बहिणी अहिल्या, सीता आणि तुळसा. तिघा भावांची नावे एका पाठोपाठ एक म्हणून पाहावीत, म्हणजे त्या घरात मुलांना हाका मारताना कसा नाद उठत असेल ते कळते. पुढे बहिणाबाईंच्या एका मुलाचे नाव ओंकार आणि दुसऱ्याचे सोपानदेव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या भावंडांतले सोपानाचे नाव मुक्ताईच्या मुलखात ठेवले जाणे अगदी स्वाभाविक होते. ज्या सोपानदेवांमुळे आईच्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या, त्यांचे नाव एखाद्या कादंबरीकाराने योजून ठेवले असते तर कदाचित आपण त्याला फार जुळवून आणलेले म्हटले असते.

साने गुरुजी मूळचे कोकणातले, परंतु अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते आणि अमळनेरची माणसे त्यांना आपलेच मानतात. त्यांचे स्वतःचे नाव पांडुरंग. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिताना त्यांनी त्या मुलाचे नाव श्याम ठेवले. विठ्ठल आणि कृष्ण यांत वारकरी भेद करीत नाहीत, म्हणजे एका अर्थाने त्यांनी स्वतःचेच नाव दुसऱ्या हाकेने लिहिले. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. ‘पांडुरंग’ लिहिले असते तर ते आत्मचरित्र झाले असते, आणि अगदीच दूरचे एखादे नाव घेतले असते तर आईपुढे रडणारा तो मुलगा परका झाला असता. श्याम या नावाने लेखकाला आपल्या लहानपणाकडे चार पावले मागे सरकून पाहता आले, आणि तरी हात सुटला नाही.

आता भीतीने ठेवलेल्या नावांकडे येते, कारण माझ्या मते आमच्या भागातील कथांसाठी सर्वांत मोठा साठा तेथेच आहे. भिका, भिला, दगा, दगडू, धोंडू, धुडकू, चिंधा, उखर्डू, केरू, फकिरा, नथू ही नावे खान्देशातल्या जुन्या कागदपत्रांत जागोजाग भेटतात. आजच्या तरुण वाचकाला ती गावंढळ वाटतात, आणि काही लेखक विनोदी पात्र उभे करायचे असले की ती वापरतात. मला त्याचे मनापासून दुःख होते. ज्या घरात आधीची मुले पाळण्यातच गेली, त्या घरात नंतर जगलेल्या मुलाला ही नावे मिळत. देवाची किंवा मृत्यूची नजर या मुलावर पडू नये म्हणून त्याला मुद्दाम हलके नाव द्यायचे, उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचे, चिंध्यांत गुंडाळायचे, मुलगा असूनही नाक टोचायचे, शेजारणींच्या घरून भीक मागून आणलेल्या धान्यावर ठेवायचे, असे हे उपाय होते. देवीची साथ, पटकी, बाळंतरोग आणि दुष्काळ यांच्या काळात आईच्या हाती दुसरे काय होते? म्हणून चिंधा नावाचे पात्र कथेत आले की त्याच्या आधी गेलेली भावंडे लेखकाला माहीत असली पाहिजेत, मग ती कथेत एका शब्दानेही येवोत न येवोत. त्याच्या आईचे त्याच्यावर इतर मुलांपेक्षा वेगळे प्रेम असणार, तो आजारी पडला की घरात वेगळी धावपळ होणार, आणि मोठेपणी त्याला स्वतःच्या नावाची लाज वाटली तरी ते बदलायला आई कधीच तयार होणार नाही. एवढी कथा त्या नावातच लिहिलेली असते.

याच्या उलट बाजूला मुलींची नावे आहेत, आणि ती आठवताना मन स्वस्थ राहत नाही. मुलगा जगावा म्हणून त्याला हलके नाव दिले जाई, मुलगी मात्र खरोखरच नको म्हणून नकुशी होई. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावे बदलण्याचा कार्यक्रम प्रशासनाने घेतला आणि त्या मुलींनी आपल्या पसंतीची नावे घेतली. एकाच मुलीची दोन नावे, एक घराने निराशेत ठेवलेले आणि दुसरे तिने स्वतः निवडलेले, यांच्यामधले जे अंतर आहे त्यावर एक मोठी कादंबरी उभी राहू शकते.

चार्ल्स डिकन्सने अनाथालयातील मुलांच्या नावांबद्दल एक प्रसंग लिहिला आहे. तेथला अधिकारी अभिमानाने सांगतो की सापडलेल्या मुलांना आपण वर्णमालेच्या क्रमाने नावे देतो. आधीच्या मुलाला ‘एस’चे नाव मिळाले, म्हणून या मुलाला ‘टी’चे, आणि असा तो ऑलिव्हर ट्विस्ट झाला. तो प्रसंग वाचताना मला आपल्याकडचे जन्माक्षर आठवते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, मिळून एकशे आठ अक्षरे, आणि मूल ज्या चरणावर जन्मले त्याचे अक्षर त्याच्या वाट्याला येते. अश्विनीच्या पहिल्या चरणावरचे मूल ‘चू’ घेऊन येते आणि घरातली मंडळी त्या अक्षराचे बरे नाव शोधत बसतात. वरवर दोन्हीकडे अक्षरच येते, परंतु एका ठिकाणी ते रजिस्टरातील ओळ भरण्यासाठी आलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी अख्खे घर त्या अक्षराभोवती जमलेले असते. पात्राचे राशीचे नाव एक आणि हाक मारायचे नाव दुसरे, ही गोष्ट आपल्या कथांमधून आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती परत यायला हवी, कारण लग्न जुळवताना, आजारपणात किंवा शांती करताना हे दडलेले नाव बाहेर येते.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या बाजूला सातपुड्यात भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये जन्माचा वार किंवा सण नावात उतरतो. सोमा, मंगल्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे तेथे ऐकू येतात. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत पायथ्याशी राहणाऱ्या तडवी समाजात मुस्लिम नावे आणि भिल्ल परंपरा एकत्र नांदतात. या नावांविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण त्या घरांत वाढलेल्या लेखकांनी ती लिहावीत आणि आपण ती त्यांच्याकडून शिकावीत, हे मला योग्य वाटते.

शाळामास्तर हे आमच्याकडचे आणखी एक नाव ठेवणारे. जून महिन्यात मूल शाळेत आणले जाई, बापाला जन्मतारीख सांगता येत नसे, आणि मास्तर एक जून अशी तारीख लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातल्या एका पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस त्यामुळे एक जूनला येतो. त्याच वेळी नावावरही हात फिरवला जाई. घरचा धोंडू रजिस्टरात धोंडिराम होई, रामा रामदास होई. नोकरीच्या कागदांवर, बँकेत, सातबारावर पुढे तेच नाव चाले, आणि गल्लीत मात्र मरेपर्यंत धोंडूच. एखाद्या म्हाताऱ्याला मुंबईच्या इस्पितळात पूर्ण नावाने पुकारले जावे आणि ते आपलेच नाव आहे हे त्याला पटकन कळू नये, असा प्रसंग लिहिणाऱ्याला काही रचावे लागत नाही.

मानाचे संबोधन हेच जन्माचे नाव म्हणून ठेवण्याची हौसही खान्देशात मोठी आहे. साहेबराव, रावसाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब, जिजाबराव, युवराज, अधिकार अशी नावे येथे शेतकरी घरांतून आढळतात. बापाने आयुष्यभर दुसऱ्यांना ‘साहेब’ म्हटलेले असते, आणि मुलाला जग निदान नावापुरते तरी साहेब म्हणेल अशी त्याची तजवीज असते. गुजरातच्या आणि माळव्याच्या शेजारामुळे छगन, मगन, भाईदास, हिरालाल, सुकलाल ही नावेही येथे घरची झाली आहेत, तर गिरासे मंडळींमध्ये रतनसिंग, उत्तमसिंग अशी ‘सिंग’ असलेली नावे चालतात. पुण्या-मुंबईचा लेखक खान्देशातले पात्र म्हणून एखादा ‘सदाशिव’ उभा करतो तेव्हा ते चूक असते असे नाही, पण त्याच जागी ‘भाईदास’ आला असता तर भूगोल सांगायचे कष्ट वाचले असते. आडनावाचे मात्र जपून करावे लागते. पाटील लेवा समाजात आहेत, मराठा समाजात आहेत, गुजर समाजात आहेत. चौधरी लेवा घरांतही आहेत आणि तेली घरांतही. आडनाव पाहून जात ठरवणारा वाचक येथे फसतो, आणि माझ्या मते त्याने फसावे हेच बरे.

आडनावे थोडी आणि माणसे पुष्कळ असल्यामुळे गावाला टोपणनावांचा आधार घ्यावा लागतो. त्यात नात्याची संबोधने मिसळतात. आबा, आप्पा, नाना, तात्या, अण्णा, बापू आणि खास आमच्याकडचे जिभाऊ. गल्लीत चार आप्पा असले की एक विहिरीवाले आप्पा, एक गिरणीवाले आप्पा, एक फौजी आप्पा असे होतात. अहिराणीत अनोळखी मुलाला ‘तुनं नाव काय शे?’ असे विचारले आणि त्याने सांगितले, तरी त्यावर समाधान होत नाही. लगेच ‘कोना पोऱ्या शे तू?’ हा प्रश्न येतो, कारण खरी ओळख त्या दुसऱ्या उत्तरातच असते. म्हणून खेड्यातल्या कथेत निवेदकाने पात्राला पूर्ण नावाने पुन्हा पुन्हा पुकारले की कथा लगेच परकी वाटू लागते. गाव त्या माणसाला कोणत्या नावाने ओळखते आणि ते नाव त्याच्या तोंडावर घेता येते की पाठीमागेच, हे दोन्ही ठरवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

स्त्रियांच्या नावांसंबंधी मला जरा थांबून लिहावेसे वाटते. जुन्या पिढीतील बायकांची नावे पाहावीत: केसरबाई, मथुराबाई, पार्वताबाई, दगूबाई, वेणूबाई, कस्तुराबाई. अनेक घरांत लग्नात मुलीचे नाव बदलले जाई. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायचे आणि त्या क्षणापासून तिने त्या नावाला ओ द्यायची. माहेरी गेली की आई जुन्या नावाने हाक मारणार, सासरी नव्या नावाने, आणि मूल झाल्यावर दोन्ही नावे मागे पडून ती अमक्याची आई होणार. दुसऱ्या बाजूला तिने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, सासऱ्याचेही घ्यायचे नाही, आणि घ्यायचेच झाले तर उखाण्यात. ज्या घरात सासऱ्याचे नाव नातवाला ठेवले जाई त्या घरात आई स्वतःच्या मुलालाही त्या नावाने हाक मारू शकत नसे, मग त्या मुलाला आबा किंवा बापू म्हणत. आता असे पाहा की १९४० च्या सुमाराचे चाळीसगावचे किंवा शिरपूरचे घर रंगवणाऱ्या एखाद्या कथेत सून नवऱ्याला नावाने हाक मारते. त्या एका हाकेने सगळा काळ खोटा ठरतो. उलट तिच्या तोंडी नवऱ्याचे नाव सबंध कथेत एकदाही आले नाही, आणि सरकारी कागद करताना कारकुनाने विचारल्यावर तिला ते शेजारणीकडून सांगवावे लागले, तर त्या संसाराविषयी आणखी काही सांगायला नको.

बाबा पदमनजींनी १८५७ साली विधवांच्या दुःखावर लिहिलेल्या ‘यमुनापर्यटना’ची नायिका यमुना, आणि पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये जिला बोलते केले तीही यमूच. दोन्ही लेखकांनी असे घरचे नाव निवडले जे कोणत्याही वाचकाच्या माजघरात सापडले असते. त्या मुलीचे सोसणे अपवादाचे नाही, हे वाचकाला पटवण्यात त्या साध्या नावाचा वाटा मोठा आहे, असे मी मानते.

नाटककारांची रीत मात्र वेगळी होती. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘शारदे’त पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप कांचनभट आहे आणि तो म्हातारा वर भुजंगनाथ आहे. नावातच स्वभाव सांगून टाकला आहे. रंगभूमीवर ते शोभते, कारण प्रेक्षकाला पान उलटून मागे जाता येत नाही. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त तळीराम हे नाव दिले आणि ते इतके नेमके बसले की आता नाटक न पाहिलेली माणसेही दारुड्याला तळीराम म्हणतात. पात्राचे नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसणे यापरते लेखकाचे यश कोणते? तरीही कथा-कादंबरीत मी हा मार्ग टाळते. लोभी माणसाच्या आईवडिलांना तो लोभी होणार हे बारशाच्या दिवशी माहीत नव्हते, आणि ज्याने नाव ठेवले त्याच्याशी मी प्रामाणिक राहू इच्छिते. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणत, ते नाव मात्र या नाटकावरून आलेले नाही. तो कायदा मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ते आले आहे.)

मग प्रत्यक्षात नावे मिळतात कोठे? फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक याच्याबद्दल त्याच्या मित्राने लिहून ठेवले आहे की एका पात्रासाठी तो पॅरिसच्या रस्त्यांवरून दुकानांच्या पाट्या वाचत फिरला आणि ‘मार्कास’ हे नाव दिसल्यावरच थांबला. इयान फ्लेमिंगने तर समोरच्या पुस्तकावरून हात फिरवला. वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकी पक्षितज्ज्ञाचे नाव जेम्स बाँड होते. फ्लेमिंगला शक्य तितके साधे, निरस नाव हवे होते, म्हणून १९५३ च्या पहिल्या कादंबरीत त्याने ते आपल्या गुप्तहेराला दिले. आज ते नाव निरस वाटत नाही, त्याचे श्रेय नावाला नसून पात्राला आहे. कॉनन डॉइलच्या टिपणांत शेरलॉकच्या जागी आधी शेरिनफर्ड होते आणि डॉ. वॉटसनच्या जागी ऑर्मंड सॅकर. वॉटसन हे नाव किती सामान्य आहे आणि म्हणूनच त्या शेजारी शेरलॉक किती विलक्षण वाटते, हे जोडीने उच्चारल्यावर कळते. पात्रांची नावे एकेकटी ठेवू नयेत, एका घरातली, एका पानावरची नावे एकत्र वाचून पाहावीत, हा धडा मी तेथून घेतला.

माझ्या पाट्या वेगळ्या आहेत. आहेरात आलेल्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. पितळी तांब्यावर, स्टीलच्या डब्यावर, परातीच्या काठावर कोणी कोणाला कोणत्या लग्नात काय दिले हे कोरलेले असते, आणि त्या नावांच्या जोड्या कोणत्याही शब्दकोशात मिळणार नाहीत. देवळाच्या पायऱ्यांवर आणि फरश्यांवर देणगीदारांची नावे असतात, त्यात ‘कै.’ लिहून आईबापांच्या स्मरणार्थ बसवलेल्या फरशीवर दोन पिढ्या एकत्र भेटतात. फेरफाराच्या उताऱ्यांत वारस म्हणून लागलेल्या आणि हक्कसोड केलेल्या बहिणींची नावे असतात. त्या रकान्यात एखादी दगूबाई दिसली की तिने सही केली की अंगठा, आणि त्या दिवशी भावाने तिला लुगडे घेतले का, हे प्रश्न मला झोपू देत नाहीत. लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’ खाली छापलेली भावकी असते. तिच्यात आजोबा भिका, बाप साहेबराव, मुलगा योगेश आणि चिमुकल्यांच्या आग्रहात विहान असा शंभर वर्षांचा प्रवास एकाच कागदावर उतरलेला असतो. कोणत्या नावाच्या माणसाचे वय किती असावे, हे शिकायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. सत्तर वर्षांची आजी वैष्णवी नसते आणि आठ वर्षांचा मुलगा तुळशीराम नसतो. असलाच, तर त्याचे कारण कथेत यायला हवे.

परंतु भांड्यावरचे किंवा फरशीवरचे नाव मी जसेच्या तसे उचलत नाही. इंग्लंडमध्ये १९०८ साली एका साप्ताहिकात आर्टेमस जोन्स नावाच्या काल्पनिक माणसाची टवाळी छापली गेली. लेखकाच्या मते असा माणूस अस्तित्वात नव्हता, पण त्याच नावाचा एक बॅरिस्टर निघाला, त्याने दावा केला आणि शेवटी तेव्हा तेथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहानेही निकाल त्याच्याच बाजूने ठेवला. पुढे १९३२ च्या एका हॉलिवूडपटावरून रशियन राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनच्या न्यायालयात नुकसानभरपाई मिळवली, आणि चित्रपटाच्या आरंभी ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ असे जाहीर करण्याची प्रथा त्या खटल्यानंतर रुजली. मला कायद्यापेक्षा डिकन्सचे दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करते. लहानपणी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात राबत असताना बॉब फॅगिन नावाच्या मुलाने त्याला काम शिकवले, आजारी पडल्यावर त्याची काळजी घेतली. त्या मुलाचे आडनाव डिकन्सने मोठेपणी पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या खलपुरुषाला दिले. असे का केले असेल यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कारखान्याची लाज त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही, हे एक कारण पटण्यासारखे आहे. तरीही ज्याने आपल्याला सांभाळले त्याचे नाव असे वापरू नये, असे माझे मन सांगते. खान्देशातल्या खेड्यात तर प्रत्येक नावाचा कोणी ना कोणी धनी असतोच. म्हणून मी नाव एका घरातून, आडनाव दुसऱ्या तालुक्यातून आणि टोपणनाव तिसऱ्या गावातून घेते, आणि वाईट वागणाऱ्या पात्राला आमच्या पंचक्रोशीतील जोडी कधीच देत नाही.

आजच्या बारशांविषयी जुन्या माणसांची तक्रार असते की रेयांश, विहान, आराध्या ही नावे जळगावला तीच आणि पुण्याला तीच, मग खान्देश राहिला कोठे? मला ही तक्रार अर्धीच मान्य आहे. पूर्वी नाव ठेवताना आजी बोले, आत्या कानात सांगे, भटजी अक्षर काढत, आणि आई पाळण्याच्या दोरीपाशी गप्प उभी असे. आता मोबाइलवर नावांच्या याद्या काढून रात्र रात्र शोधणारी आणि स्वतःच्या पसंतीचे नाव रेटून नेणारी बहुतेक वेळा आईच असते. नाव ठेवणारा माणूस बदलला आहे, आणि लेखकाच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे. भडगावच्या एका घरावर मी सध्या कथा लिहीत आहे. त्यात आजीला नातवासाठी गेलेल्या नवऱ्याचे, म्हणजे ‘दगा’ हे नाव हवे आहे. सुनेने रेयांश ठरवले आहे. पत्रिकेतले अक्षर दोघींच्याही कामाचे नाही. मुलाचा बाप दोघींनाही हो म्हणून शेतात निघून गेला आहे. शेवटी दाखल्यावर रेयांश लागले, आणि आजी त्याला आबा म्हणू लागली, कारण नवऱ्याचे नाव तिला आजही घेता येत नाही. कथेचा निवेदक त्याला कोणत्या नावाने पुकारणार हे मला ठरवायचे होते, आणि ते ठरेपर्यंत पहिला परिच्छेद पुढे सरकत नव्हता. आता ओटीवरच्या प्रसंगांत तो आबा आहे, बालवाडीच्या हजेरीत रेयांश आहे, आणि जेथे तो एकटाच आहे तेथे मी त्याला फक्त ‘मुलगा’ असे लिहिले आहे.